पत्ता सापडला नाही

१

मंगळवारी संध्याकाळी सव्वापाचला मोजणीबाई तळघराला कुलूप लावायला निघाल्या. वरच्या पायरीवरून त्यांनी रोजच्यासारखी हाक मारली, "कोणी आहे का खाली? राहिलात तर सकाळपर्यंत उंदरांशी गप्पा मारा!"

उत्तर आलं नाही. दिवा मात्र चालू होता.

जिन्याच्या तळाशी ताई पडल्या होत्या. मान नको तशी वळलेली, एक चप्पल वरच्या पायरीवर राहिलेली, चष्मा भिंतीशी. उजव्या मुठीत पांढऱ्या नाडीचा वीतभर तुकडा होता. तळघरातल्या कागदांचे गठ्ठे ज्या नाडीने बांधत, तीच. मोजणीबाईंनी त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास नव्हता. तळहात मात्र अजून कोमट होता.

डॉक्टर म्हणाले, पाय घसरला असेल. पण जीव लगेच गेलेला नाही, अर्धा तास तरी धुगधुगी असणार. कोणी वेळेवर पाहिलं असतं तर... पुढचं त्यांनी गिळलं.

मोजणीबाई त्या समाजकार्य संशोधन संस्थेच्या ग्रंथपाल. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कोणी घेत नसे. कोणाचा शोधनिबंध जगात किती जणांनी वाचला, किती जणांनी आपल्या लिखाणात त्याचा उल्लेख केला, कोणी कोणाबरोबर मिळून लिहिलं, हे मोजून सांगणं त्यांचं काम. जितके उल्लेख जास्त तितका माणूस मोठा, असा त्या इमारतीतला कायदा होता. त्या मापात ताई, संस्थेतल्या ज्येष्ठ संशोधक, सगळ्यांच्या वर होत्या.

गेले तीन आठवडे मोजणीबाई ताईंच्याच निबंधांची मोजणी करत होत्या. सगळ्यात गाजलेला निबंध अकरा वर्षांपूर्वीचा. निवारागृहातली मुलं लवकर आपापल्या घरी पाठवली तर ती सुखी राहतात, असं त्यात पाहणी करून सिद्ध केलेलं होतं. संगणक त्याचे तीनशे एक्केचाळीस उल्लेख दाखवायचा. पण संगणकाला सरकारी परिपत्रकं, निवारागृहांच्या पुस्तिका, खेड्यापाड्यातले अहवाल कुठून दिसणार? ते मोजणीबाईंनी एकेक हाताने शोधले होते. त्या मंगळवारी चार वाजता त्यांनी हाताने लिहिलेला कागद ताईंपुढे ठेवला.

"चारशे बारा, ताई. पेढे तर दूरच, निदान चहा तरी पाजा."

ताई हसत यादी वाचत गेल्या. शेवटची नोंद त्या दिवशीच्याच टपालातली होती. बालकल्याण खात्याचं परिपत्रक होतं ते: सदर शोधनिबंधाच्या आधारे निवारागृहातली एक्केचाळीस मुलं येत्या सोमवारी घरी पाठवण्यात येत आहेत.

ताईंचं हसू गेलं. रंगही गेला.

"सोमवारी?" त्या म्हणाल्या. "मोजणी, तळघराची किल्ली दे. एक फोन करते आणि खाली जाते."

कागद त्यांनी घडी घालून हातात घेतला. त्यांना चालत जाताना मोजणीबाईंनी पाहिलं ते शेवटचं.

आता पोलीस निघून गेल्यावर त्या पुन्हा तळघरात उतरल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या कागदांच्या फळीवर, धुळीत, एका गठ्ठ्याएवढी स्वच्छ जागा होती. गठ्ठा नव्हता. आणि ताईंच्या सामानात तो कागदही नव्हता.

घसरून पडलेलं माणूस गठ्ठा घेऊन जात नाही.

२

गुरुवारी सभागृहात शोकसभा झाली. खुर्च्या भरल्या होत्या, पंखे कुरकुरत होते, आणि ज्यांनी ताईंना जिवंतपणी जिन्यात वाट दिली नव्हती तेही डोळे पुसत होते.

संचालक आधी बोलले. ताईंच्या नावाने केंद्र उघडू म्हणाले. मग प्राध्यापक उभे राहिले. गाजलेल्या निबंधाचे ते सहलेखक. उंच, नीटनेटके, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही भरून यावं.

"माणूस जातो, काम राहतं," ते म्हणाले. "तिचा हा एक निबंध, म्हणजे आम्हा तिघांचा म्हणा, आज चारशे बारा ठिकाणी उल्लेखला गेला आहे. चारशे बारा! यापरतं स्मारक कोणतं?"

सभागृहातून एक हुंकार उठला. मोजणीबाईंना क्षणभर बरं वाटलं. आपली मोजणी कोणीतरी मानली. मग ताईंच्या बहिणीने हंबरडा फोडला आणि सगळ्यांचंच लक्ष तिकडे गेलं.

सभा संपल्यावर संचालकांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"बाई, तो उल्लेखांचा अहवाल शनिवारपर्यंत द्या. केंद्राच्या प्रस्तावाला जोडायचाय."

"साहेब, तळघरातून एक गठ्ठा गेलाय. त्या निबंधाच्या पाहणीचा."

संचालकांनी मागे वळून पाहिलं. "हळू बोला हो! आधीच लोक काय काय बोलतायत. असेल कुठेतरी. उंदरांनी नेला असेल."

"नाडी सोडून?"

"बाई, मी मंगळवारी सकाळपासून ही बातमी येईपर्यंत दहा माणसांच्या बैठकीत अडकलो होतो. मला काही विचारू नका." आणि मग, न विचारताच, "त्या निबंधावर संस्था उभी आहे. तो निबंध पडला तर आपण सगळे घरी बसू. कळतंय ना?"

मोजणीबाईंना कळलं. निबंध पडण्याची भाषा अजून कोणीच केली नव्हती. संचालकांच्या पोटात ती आधीपासूनच होती.

३

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, मोजणीबाईंनी ताईंचे सगळे निबंध टेबलावर मांडले. दुःख झालं की काही बायका भांडी घासतात. या मोजायला बसत.

मोठ्या कागदावर त्यांनी मधोमध ताईंसाठी एक वर्तुळ काढलं. ज्याच्याबरोबर ताईंनी लिहिलं त्याचं वर्तुळ बाजूला, आणि मध्ये रेघ. जितके निबंध मिळून लिहिले तितकी रेघ जाड. प्राध्यापकांकडे जाणारी रेघ दोरखंडाएवढी होती, नऊ निबंधांची. त्यांनी वर्षं पाहिली आणि पेन्सिल थांबली.

नऊही निबंध सहा वर्षांपूर्वीचे. त्यानंतर एकही नाही.

त्यानंतर ताईंनी चौदा निबंध लिहिले होते. मोजणीबाईंनी प्रत्येकाच्या शेवटची संदर्भांची यादी बोट ठेवून वाचली. माणूस स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेख करतोच. या इमारतीत तर पावसाविषयी लिहिणाराही आपला जुना निबंध कुठेतरी घुसडतो. आणि ताईंनी, आपल्या सगळ्यात गाजलेल्या निबंधाचा, चौदा निबंधांत मिळून एकदाही उल्लेख केला नव्हता.

साऱ्या जगाने त्या निबंधाचं नाव घेतलं. एकट्या ताईंनीच घ्यायचं सोडलं.

ताईंचा त्या निबंधावरचा विश्वास सहा वर्षांपूर्वीच उडाला होता. आणि त्या कोणालाही काही बोलल्या नव्हत्या.

निबंधावर तिसरं नाव होतं. घरोघर जाऊन पाहणी करणाऱ्याचं. पूर्वी सगळे त्याला पायपीटभाऊ म्हणत. आता तो बालकल्याण खात्यात अधिकारी होता. एक्केचाळीस मुलांच्या परिपत्रकाखाली त्याचीच सही होती.

४

खात्याच्या कचेरीत लाकडी बाकावर माणसं दाटून बसली होती. पायपीटभाऊंनी मोजणीबाईंना आत घेतलं आणि दार लोटलं. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. पायात मात्र अजून जाड तळाचे बूट होते.

"ताईंचं ऐकलं. शोकसभेला यायला तोंड नव्हतं," ते म्हणाले.

"का हो भाऊ?"

मोजणीबाईंनी निबंध उघडून तक्त्यावर बोट ठेवलं. घरी पाठवलेली मुलं पंचेचाळीस. पत्ता सापडला नाही, नऊ. भेट झाली ती छत्तीस. त्यातली तेहतीस सुखरूप.

"ही नऊ कोण?"

पायपीटभाऊ हसले. ते हसणं ऐकून बाहेर रांगेत बसलेल्यांनाही बरं वाटलं नसतं.

"पत्ता सापडला नाही! मला? अहो, नदी ओलांडून, कुत्री अंगावर घेऊन मी पंचेचाळीसच्या पंचेचाळीस दारं ठोठावली. एकही सोडलं नाही. दर दाराचं एक पान लिहिलं. एका दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून पोराचा खोकला येत होता. एका घरात आईबापांनी मला विचारलं, कोण मुलगा? आम्हाला मुलगा नाही. चार पोरींना कुठेतरी कामाला धाडलेलं, कुठे ते सांगेनात. एक पळालेला. दोन मेलेली. पहिल्या वर्षातच. मी पानावर तसंच्या तसं लिहिलं. निबंध छापून आला तेव्हा त्या नऊ पानांचं झालं होतं, पत्ता सापडला नाही."

"तक्ता कोणी केला?"

"आकडे प्राध्यापक सरांकडे असायचे. ताई लिहायच्या. त्यांनी तक्ता पाहिला, पानं नाही पाहिली."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही बोललात?"

"माझं नाव छापून आलं होतं, बाई. चपराश्याच्या पोराचं नाव, विद्वानांच्या शेजारी. त्या नावावर ही खुर्ची मिळाली. तोंडाला कुलूप लागायला आणखी काय लागतं?"

मोजणीबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. ते प्यायले नाहीत.

"सहा वर्षांपूर्वी ताई इथेच आल्या होत्या. एका खानावळीच्या मोरीत त्यांना त्या नऊंतली एक पोरगी भेटली होती. हाताची बोटं पाण्याने सडलेली. ताई त्या खुर्चीत बसून रडल्या. मग सरांबरोबर लिहिणं त्यांनी सोडलं."

"आणि निबंध मागे घेतला नाही."

"नाही घेतला. गप्प राहिल्या. माझ्यासारख्याच. त्यांचं गप्प राहणं जरा भारदस्त दिसायचं, एवढाच फरक." त्यांनी कपाळ दाबलं. "मंगळवारी चारला त्यांनीच मला फोन केला होता. म्हणाल्या, पानं काढते आणि आज निबंध मागे घेते, तू सोमवार थांबव. मी म्हटलं, पानं दाखवा मग थांबवतो. कागद हातात नसताना खात्यात मी काय थांबवणार? मला वाटलं, वेळ आहे."

"अजूनही तीन दिवस आहेत."

"पण पानं कुठायत?"

मोजणीबाईंनी दाराशी वळून विचारलं, "ताईंनी आणखी कोणाला फोन केला असेल?"

"सरांना केला असणार. त्या कोणाच्या पाठीमागून काही करणाऱ्यातल्या नव्हत्या."

५

प्राध्यापकांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला. खोलीत चार भिंतींना प्रशस्तिपत्रं होती.

"फोन? नाही बाई. मंगळवारी तीनलाच मी बहिणीकडे गेलो. ताईला तर मी आठवडाभरात पाहिलंही नव्हतं. ती रुखरुख जन्माची राहील." ते खरंच हळवे झाल्यासारखे दिसले. "तुम्ही त्या गठ्ठ्याच्या मागे लागलाय म्हणे?"

"पायपीटभाऊ म्हणतात, नऊ पानं बदलली."

"तो?" सर कपात हसले. "तो गडी झाडाखाली बसून पानं भरायचा. आता सगळं उघडं पडेल म्हणून घाबरलाय. परिपत्रकाखाली सही कोणाची आहे? गठ्ठा नाहीसा झाला तर फायदा कोणाचा? मोजा ना तुम्हीच. मोजणी तुमची!"

बोलणं बिनतोड होतं. मोजणीबाई जड पावलांनी परतल्या. पायपीटभाऊंना भ्यायला कारण होतं, आणि तळघराची मागची वाट त्यांना तोंडपाठ होती. ताईंचा फोन आल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. खरं कशावरून?

शनिवारी सकाळी त्यांनी अहवाल संचालकांपुढे ठेवला. संचालकांनी पहिलं पान वाचलं.

"चारशे बारा. हां, हाच आकडा परवा सर बोलले. मला वाटलं, भावनेच्या भरात फुगवला. मी तर तीनशे एक्केचाळीसच धरून चाललो होतो. त्यांना आधीच सांगितलात होय? मला मात्र आज!"

"मी कोणालाच सांगितला नव्हता, साहेब," मोजणीबाई म्हणाल्या.

आणि बोलता बोलता त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"साहेब, सरांना बोलवा. पायपीटभाऊंनाही. आणि मंगळवारी आलेल्या इन्स्पेक्टरबाईंना."

६

बाराच्या सुमारास सगळे संचालकांच्या खोलीत जमले. इन्स्पेक्टरबाई खिडकीशी बसल्या. हातात वही होती पण उघडलेली नव्हती.

"सर," मोजणीबाई म्हणाल्या, "एवढंच विचारायचंय. गुरुवारचा तो आकडा कुठून घेतलात?"

"कुठून म्हणजे? संगणकावरून."

"संगणक तीनशे एक्केचाळीस दाखवतो. आताही दाखवेल."

"मग तुम्हीच सांगितला असेल. जाता येता. हो, गेल्या आठवड्यात, वाचनालयात."

"गेल्या आठवड्यात तो चारशे अकरा होता."

"चारशे बारावा उल्लेख मंगळवारी दुपारच्या टपालात आला. आवक-नोंदीचा शिक्का आहे, तीन वाजून दहा मिनिटांचा. तेव्हा तुम्ही बहिणीकडे निघाला होतात. बेरीज मी साडेतीनला केली. एकाच कागदावर लिहिली आणि चार वाजता तो ताईंच्या हातात दिला. तो कागद घेऊनच त्या खाली गेल्या."

"ते परिपत्रक मलाही आलं असेल टपालाने! मी एक वाढवला."

"मग तीनशे बेचाळीस म्हणाला असतात. बाकीचे सत्तर उल्लेख माझ्या खोक्यातल्या चिठ्ठ्यांवर होते, आणि जगात त्या एका कागदावर. ताईंचा फोन तर आलाच नव्हता म्हणालात. मग तो कागद ज्याने चारनंतर वाचला त्यालाच चारशे बारा ठाऊक. पायपीटभाऊ असते तर त्यांच्या तो लक्षातही राहिला नसता. त्यांना घरं आठवतात. साहेब दहा माणसांत बसले होते. असा आकडा हाताला लागल्यावर तो चारचौघांत बोलून दाखवल्याशिवाय ज्याला राहवत नाही, असे एकटे तुम्ही, सर."

प्राध्यापकांनी रुमाल काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. आवाज आला तो शेवटच्या रांगेत पोचणारा नव्हता.

"मी तिला हात लावला नाही. गठ्ठा ओढत होतो. ती सोडेना. जिन्यात नाडी तुटली आणि ती मागे गेली. बस. एवढंच."

"मग?" इन्स्पेक्टरबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मग पानं... पानं पसरली होती."

पायपीटभाऊ हळूच म्हणाले, "पंचेचाळीस पानं होती. खालपर्यंत गेली असतील. ताईंच्या अंगावरही पडली असतील. एकेक उचललीत?"

प्राध्यापकांनी रुमालाची घडी घातली.

"त्या काही बोलल्या का?" मोजणीबाईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं त्यांना.

"माझं नाव घेतलं," प्राध्यापक म्हणाले. "दोनदा."

संचालकांनी तोंड फिरवलं. इन्स्पेक्टरबाई उठल्या. तेव्हा प्राध्यापकांनी मान वर केली, आणि त्यांच्या डोळ्यात जुनी चमक एकदा येऊन गेली. "पानं मी जाळली. पुरावा राहिलेला नाही. मला न्यायचं तर न्या. निबंध उभा राहील."

ते खोटं नव्हतं. त्यांना नेलं गेलं तरी सोमवार जागच्या जागी होता. निबंध मागे घ्यायला एका तरी लेखकाची सही लागते. पहिली मेली होती. दुसरा सही करणार नव्हता.

मोजणीबाईंनी कोरा कागद पायपीटभाऊंपुढे सरकवला.

"खुर्ची जाईल," ते म्हणाले. "आणि नुसती खुर्ची नाही. अकरा वर्षं गप्प बसलो, तेही विचारतील."

"विचारतील."

"पोरीचं लग्न... जाऊ दे." त्यांनी पेन उघडलं. "पानं जळली. दारं नाही जळली, बाई. नऊच्या नऊ सांगतो, लिहून घ्या." आणि ते सांगू लागले. गाव, गल्ली, दाराचा रंग, दार कोणी उघडलं, काय म्हणाले. मधेच थांबून पाणी मागितलं. शेवटी सही केली. मग दुसरा कागद घेतला, आणि सोमवारचं परिपत्रक रद्द केल्याचं लिहून त्यावरही केली.

संचालक खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी अडवलं नाही.

७

सोमवारी सकाळी मोजणीबाई आणि पायपीटभाऊ निवारागृहात गेले. बस येणार नाही हे मुलांना कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

लांब ओसरीवर एक्केचाळीस बोचकी ओळीने मांडून ठेवली होती. मुलांनी अंघोळी केल्या होत्या, केसांना तेल लावलं होतं. पायपीटभाऊंनी सांगितलं. साधं, थोडक्यात. काही मुलं रडली. काही लगेच खेळायला गेली, जणू त्यांना माहीतच होतं. एक थोरला पोरगा बोचकं उचलून आत ठेवून आला आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. ती मोजणीबाईंनी पाहिली.

पण आठनऊ वर्षांची एक मुलगी बोचक्यावर बसून राहिली. उठेचना.

"तुम्ही थांबवलंत?" तिने मोजणीबाईंना विचारलं.

"हो."

"का? माझं घर चांगलं आहे. माझी आजी वाट बघतेय. तिला कळवलंय आम्ही."

एरवी मोजणीबाईंकडे प्रत्येक गोष्टीला आकडा असे.

"तुम्ही पाहिलंय का माझं घर?" मुलीने विचारलं.

"नाही गं."

"मग?"

पायपीटभाऊ तिच्यापुढे उकिडवे बसले. गुडघे कडकडले. "कुठे आलं तुझं घर?"

मुलगी सांगू लागली. पूल, मग पिठाची गिरणी, मग उतार, निळं दार, शेजारी एक मोठ्याने बोलणारी मावशी. ते ऐकत होते आणि मध्ये विचारत होते, डावीकडे की उजवीकडे. दोनदा तिने चूक दुरुस्त केली.

"आजीचं नाव सांग. म्हणजे दार उघडेल."

तिने सांगितलं. ते उठले, बुटाची नाडी घट्ट केली.

"बाई, येताय? दुपार होईल परतायला."

मोजणीबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. मुलगी फाटकापर्यंत आली, पण बोचकं तिने ओसरीवरून हलवलं नाही.